घरच्या शाळेचा जमाखर्च

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांत चार माणसे जमली की बोलणे बदल्यांवरून निघते आणि मुलांच्या शिक्षणावर येऊन थांबते. बदली झाली की शाळा बदलते. शाळेबरोबर सोबती बदलतात, कधी शिकविण्याची भाषाही बदलते. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरांसाठी 1963 पासून केंद्रीय विद्यालये निघाली आणि ही अडचण पुष्कळशी हलकी झाली. तथापि तेथे हिंदी आणि इंग्रजीची सोय झाली तरी मराठी बहुधा राहूनच जाते. खासगी शिक्षक ठेवावा इतकी कारकुनाच्या पगारात शिल्लक उरत नाही. तेव्हा मुलांना आपल्या भाषेचे वाचन, लेखन, पाढे, हिशेब जे काही द्यावयाचे ते घरीच, आणि पैशाला फारसा हात न लावता द्यावे लागते.

ही अडचण आपल्याच पिढीच्या वाट्याला आली अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. कमी खर्चात घरी मुले शिकविण्याचा या देशातील लेखी पुरावा दोनशे वर्षांचा आहे, आणि तो सरकारी दप्तरांतच आहे. आम्ही पेशाने कारकून. तक्ता समोर आला की त्यातील आकड्यांइतकेच त्यातील रकाने पाहण्याची आम्हांस सवय आहे. त्या सवयीने हे जुने अहवाल वाचले तेव्हा घरच्या शिक्षणाची थोरवीही दिसली आणि त्याची किंमत कोणी भरली तेही दिसले. त्या दोन्ही बाजू वाचकांपुढे मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतू.

सर टॉमस मन्रो हे 1820 ते 1827 पर्यंत मद्रास इलाख्याचे गव्हर्नर होते. आपल्या अमलाखालील लोक कितपत शिकलेले आहेत याची सरकारास खात्रीलायक माहिती नाही, असे त्यांस वाटले. आणि 1822 च्या जून महिन्यात त्यांनी सर्व कलेक्टरांकडून माहिती मागविण्याचे ठरविले. शाळा किती, विद्यार्थी किती, ते कोणत्या जातींचे, मुलगे किती व मुली किती, असा नमुना जिल्ह्याजिल्ह्यांस गेला. उत्तरे गोळा व्हावयास काही वर्षे लागली. 10 मार्च 1826 च्या टिपणात मन्रो यांनी त्यांचा गोषवारा दिला. सव्वा कोटीहून थोड्या अधिक लोकवस्तीत 12,498 शाळा आणि 1,88,650 विद्यार्थी भरले. पाच ते दहा वर्षांच्या मुलग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा शाळेत जातो, असा त्यांचा हिशेब झाला.

परंतु मन्रो तेथे थांबले नाहीत. शाळेत न जाता घरीच शिकणारी मुले या हिशेबात आलेली नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. खुद्द मद्रास शहराच्या कलेक्टराने तेवढा आकडा पाठविला होता, आणि तो 26 हजारांवर होता. म्हणजे त्या शहरात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पाचपटीहून अधिक! आकडा इतका मोठा होता की त्यात काही चूक असावी असे मन्रो यांनीच नोंदविले. पण वडीलधाऱ्यांनी किंवा खासगी शिक्षकांनी घरी शिकविण्याची चाल इलाख्यात सर्वत्र आहे, असे मानून त्यांनी आपला चौथा हिस्सा तिसऱ्या हिश्शाच्या जवळ नेला.

येथे रकान्यांची गोष्ट येते. सरकारी नमुन्यात घरच्या शिक्षणाला जागाच ठेवलेली नव्हती. जे कोणी विचारले नाही ते बहुतेक कलेक्टरांनी सांगितले नाही. कानडा जिल्ह्याच्या कलेक्टराने मात्र, आपल्याकडे शिक्षण इतके खासगी रीतीने चालते की शाळांचा तक्ता भरून उपयोग नाही, अशा अर्थाचे उत्तर पाठविले. सरकारी कागदावर त्या जिल्ह्याचे रकाने जवळजवळ कोरे राहिले, आणि घरोघरी मुले अक्षरे गिरवीत राहिली.

या सर्व अहवालांत आम्हांस विशेष जिव्हाळ्याचा वाटतो तो बळ्ळारी जिल्ह्याचा. तेथील कलेक्टर कॅम्बेल यांनी तो ऑगस्ट 1823 मध्ये पाठविला. जिल्ह्यात 533 शाळा आणि 6,641 विद्यार्थी. म्हणजे दर शाळेस सरासरी बारा-तेरा मुले. या शाळांपैकी 235 कानडी, 226 तेलुगू, 21 फारसी, 4 तमिळ व 1 इंग्रजी होती. 23 शाळा केवळ संस्कृताच्या होत्या. आणि 23 शाळा मराठी होत्या. बळ्ळारीच्या मुलखात गुत्तीचे व संडूरचे घोरपडे नांदून गेलेले. शिवाय कंपनीचे राज्य झाल्यावरही मद्रास इलाख्याच्या कित्येक महसुली कचेऱ्यांतून मराठी हिशेब आणि मोडी दप्तर चालत असे. तेव्हा त्या 23 शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी काही तरी कारकुनांची मुले असणार, आणि पुढे कारकून होणार, असा तर्क करण्यास हरकत नाही. परमुलखातील मराठी नोकरदाराची वंशावळ अशी बरीच जुनी आहे.

कॅम्बेल यांनी शाळेचा दिनक्रमही लिहून ठेवला आहे. मूल पाच वर्षांचे झाले की गणपतीची पूजा होई आणि पंतोजी त्याचा हात धरून तांदळांत अक्षरे काढवून घेई. सकाळी जो मुलगा सर्वांच्या आधी शाळेत येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहिले जाई. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे त्याला ना शाबासकी ना शिक्षा. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकास एकेक वाढती. लिहिणे प्रथम बोटाने वाळूत चाले. पुढे गेलेला मुलगा मागच्यास शिकवी आणि शिकविता शिकविता त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होई. ही काटकसर आणि ही पद्धत वाखाणण्याजोगी असून इंग्लंडात तिचे अनुकरण झाले ते योग्यच झाले, असा अभिप्राय या कलेक्टराने दिला आहे.

इंग्लंडातील अनुकरणाची गोष्ट अशी. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री 1789 पासून मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचे अधीक्षक होते. गावठी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात सुरू करण्यास शिक्षकांस सांगितले. शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलाकडे हे काम सोपविले, आणि ते त्याने पार पाडले. विलायतेस परतल्यावर बेल यांनी 1797 मध्ये या प्रयोगाविषयी पुस्तिका छापली. पुढे जोसेफ लँकॅस्टर यांनी लंडनात याच धर्तीवर गरिबांच्या शाळा चालविल्या, आणि एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले शिकू लागली. गमतीचा भाग असा की मुंबई इलाख्यात 1820 नंतर नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या तेव्हा हीच पद्धत लँकॅस्टर यांच्या नावाने, विलायती सुधारणा म्हणून, आपल्याकडे परत आली. आपलीच वाळू आपल्याला दर्यापारच्या जहाजातून उतरवून घ्यावी लागली!

मुंबई इलाख्यात स्थिती काय होती? गव्हर्नराच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट यांनी 1821 मध्ये लिहून ठेवले आहे की आपल्या मुलखात शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. पालकाच्या ऐपतीप्रमाणे ओंजळभर धान्यापासून महिना रुपयापर्यंत पंतोजीस मिळते. आणि तेवढ्यावर शिकलेला कुणबी किंवा लहान दुकानदार आपला हिशेब विलायतेतील त्याच थराच्या माणसापेक्षा अचूक ठेवतो. ही स्तुती थोडी सढळ हाताची असेल. 1829 च्या सुमारास इलाख्यातील शाळा मोजल्या गेल्या तेव्हा त्या सुमारे 1,700 भरल्या, आणि गावे तर त्याहून कितीतरी अधिक होती. परंतु शिक्षणाच्या स्वस्ताईबद्दल प्रेंडरगास्ट यांनी लिहिले ते खोटे नव्हे. धूळपाटीला दौत-कागद लागत नाही. अक्षर चुकले तर हाताने पुसावे आणि पुन्हा काढावे. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सर्व संध्याकाळी दिवेलागणीला तोंडाने म्हणावयाचे; त्याला पुस्तकही लागत नाही. सुंदर अक्षर कसे काढावे, शाई-कागद कसा सांभाळावा, याचे धडे समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिल्याच समासात देऊन ठेवले होते. ज्या घरी पोथी होती त्या घरी वाचनाचे पुस्तकही होते आणि कित्त्याचे पुस्तकही तेच होते.

आता बंगाल. विल्यम ॲडम यांनी 1835 ते 1838 या काळात बंगाल-बिहारमधील शिक्षणावर तीन अहवाल सादर केले. त्यांपैकी दुसरा अहवाल राजशाही जिल्ह्यातील नाटोर या एका ठाण्यापुरता आहे. पण ॲडम यांनी तेथे केवळ शाळांची गणती करून समाधान मानले नाही, घरोघरची चौकशी केली. त्या ठाण्यात प्राथमिक शाळा 27 आणि विद्यार्थी 262 आढळले. घरी शिकणारी मुले आढळली 2,382. ती 238 गावांतील 1,588 कुटुंबांत विखुरलेली होती. म्हणजे शाळेतील एका मुलामागे घरी शिकणारी नऊ मुले. बाप, वडील भाऊ, कोठे कुलोपाध्याय, कोठे जमीनदाराच्या पदरचा एखादा लिहिणारा, असे त्यांचे शिक्षक. मन्रो यांना मद्रासच्या आकड्याची शंका आली होती. बंगालच्या एका कोपऱ्यात, दहा वर्षांनी, त्याहून मोठे प्रमाण मोजून निघाले.

पुढे या आकड्यांवरून मोठा वाद झाला. इंग्रजी राज्यात हिंदुस्थान पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाला, असे महात्मा गांधींनी ऑक्टोबर 1931 मध्ये लंडनच्या एका सभेत म्हटले, आणि सर फिलिप हार्टोग यांनी त्यास हरकत घेतली. रा. वि. परुळेकर यांनी मुंबई इलाख्याचे मूळ कागद 1951 मध्ये छापून काढले. धर्मपाल यांनी मद्रासचे तक्ते 1983 मध्ये प्रसिद्ध केले. वाद कोणी जिंकला हे ठरविणे आमचे काम नव्हे. वादातील एक गोष्ट मात्र आम्हांस महत्त्वाची वाटते. घरचे शिक्षण मोजावे की न मोजावे एवढ्यावर सबंध देशाच्या साक्षरतेचा आकडा वर किंवा खाली जात होता. इतके ते मोठे होते.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू न लिहिता खाते मिटविणे कारकुनास शोभणार नाही.

प्रथम खुद्द शिक्षणाचा कस. घरचे शिक्षण बहुधा तुटक आणि तोकडे असते, हे ॲडम यांनीच स्पष्ट लिहिले आहे. कॅम्बेल यांची तक्रार आणखी वेगळी. मुले जी काव्ये पाठ म्हणत त्यांची भाषा बोलण्याच्या भाषेहून इतकी निराळी होती की अर्थ शिष्यास कळत नसे, आणि पुष्कळदा गुरूसही कळत नसे. ज्या गावांतून पूर्वी शाळा होत्या तेथे आता नाहीत, कारण लोक दरिद्री झाले आहेत, हेही त्यांनी वरिष्ठांस कळविण्यास कमी केले नाही. विलायती कापडाने विणकऱ्यांचा धंदा बसला होता आणि मुलांचे हात कामास लागले होते. ओंजळभर धान्य ही फी फार थोडी खरी. परंतु ज्या घरात ओंजळभरही उरत नाही तेथे ती फार मोठी होते.

दुसरी बाब मुलींची. मन्रो यांचा चौथा किंवा तिसरा हिस्सा हा केवळ मुलग्यांचा होता. बंगालमध्ये, शिकलेली मुलगी विधवा होते, अशी समजूत ॲडम यांना घरोघर आढळली. फक्त जमीनदार आपल्या मुलींस लिहिणे व हिशेब शिकवीत, आणि तेही कबूल करावयास तयार नसत. वैधव्य आलेच तर मुलीला इस्टेट सांभाळता यावी, हा त्यांचा हेतू. घरच्या शिक्षणात ही सोय असते की ते लपविता येते. आणि जे लपवूनच करावे लागते ते शेजारणीच्या मुलीपर्यंत पोहोचत नाही.

लपविणे नाकारले तर काय होते, हे डोंगरे कुटुंबाच्या कथेवरून दिसते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले. समाजाचा रोष झाला, आणि त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे रानात बिऱ्हाड थाटले. तेथे 1858 मध्ये त्यांस कन्या झाली. तीच पुढे पंडिता रमाबाई. लवकरच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि वर्षानुवर्षे फिरतच राहिले. घर नाही, शाळा नाही, मिळकत म्हणजे पुराण सांगून मिळेल ती दक्षिणा. वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीस आईने शिकविले; पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, तोंडी. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईबाप दोघेही गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी याच अनाथ तरुणीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याहून कमी पैशांत झालेले शिक्षण दाखविणे कठीण. परंतु त्यात लक्ष्मीबाईंच्या किती पहाटा गेल्या, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नाही.

दुसरी कथा तर आपल्याच पेशातील. गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून होते. पत्नी आनंदीबाई यांस त्यांनी घरी शिकविले. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या होत राहिल्या आणि शिकवणीही चालू राहिली. 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेस गेल्या आणि मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. कारकुनाच्या घरातून निघालेली ही झेप कोणासही अभिमान वाटावा अशीच आहे. पण त्या शिकवणीत मार होता. त्याची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. शाळेतल्या मास्तराने मारले तर मूल घरी येऊन रडते. घरचाच मास्तर असला म्हणजे रडावयास घर कोठे उरते? फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

तिसरी बाब सर्वांत मोठी. घरी शिक्षण द्यावयाचे तर घरात आधी कोणास तरी अक्षर यावे लागते. समर्थांचा तो लेखनाचा समासही ब्राह्मणास उद्देशूनच सुरू होतो. ज्या जातींना गावच्या शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या घरी धूळपाटी कोण मांडणार? धूळ होती, बोट होते. अक्षर ठाऊक असलेला माणूस नव्हता. जोतीराव फुले यांनी पत्नी सावित्रीबाई यांस घरी शिकविले खरे, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1848 मध्ये दोघांनी पुण्यात मुलींची शाळा उघडली, आणि 1882 मध्ये शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली ती बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची. घरच्या दिव्याने घर उजळते. आळीत उजेड पाडावयाचा तर कंदील चौकातच लावला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. त्या मागणीस कायद्याचे पूर्ण रूप येण्यास 2009 साल उजाडावे लागले.

या दोन्ही बाजू एकाच घरात पाहावयाच्या असतील तर सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात पाहाव्या. लष्करात शिपायांस आणि त्यांच्या मुलांस शिकविण्याची सोय होती. गावच्या शाळेने जे नाकारले ते पलटणीच्या शाळेने दिले. रामजी त्या शाळांतच शिक्षक झाले. महाराष्ट्राबाहेर, महूच्या छावणीत, 14 एप्रिल 1891 रोजी त्यांस पुत्र झाला, तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निवृत्तीनंतर पेन्शन तुटपुंजी आणि बिऱ्हाड परळच्या चाळीतील एका खोलीचे. रामजी स्वतः मुलाचा अभ्यास घेत आणि तर्खडकरांच्या पुस्तकांवरून भाषांतर करवीत. रात्री दोन वाजेपर्यंत स्वतः जागून मग ते मुलास उठवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी आपले अंग टाकीत. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले की ते लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवीत. बापाची झोप आणि बहिणीचा दागिना ही या घरच्या शाळेची फी. आणि तिच्याही मागे पलटणीची शाळा उभी होती. ती नसती तर रामजींस शिकविण्यासारखे काही मिळालेच नसते.

आमच्या मते या सर्व अहवालांचे आणि चरित्रांचे सार असे की घरचे शिक्षण स्वस्त दिसते, कारण त्याचे मोल आधी कोणीतरी देऊन ठेवलेले असते. आपल्या आजोबा-पणजोबांनी पंतोजीपुढे बसून, किंवा सरकारी शाळेच्या बाकावर बसून, अक्षर घरात आणले. ते आपण विनामूल्य वापरतो. म्हणून घरचे शिक्षण शाळेच्या जागी ठेवता येत नाही. मात्र शाळा ज्या रकान्यात काहीच भरत नाही तो रकाना ते भरू शकते. परमुलखातील मुलांची मराठी हा तसलाच रकाना आहे.

हा रकाना भरण्याच्या रीतीही त्याच जुन्या दप्तरांत आहेत. थोरल्याने धाकट्यास शिकवावे. दोघांचेही पक्के होते. पाढे आणि पावक्या दिवेलागणीस तोंडी व्हाव्या. पाठ म्हणवून घेताना अर्थ सांगावा, म्हणजे कॅम्बेल यांची तक्रार आपल्याविरुद्ध लागू होणार नाही. पुस्तके थोडी पण मुलांना आवडणारी असावी. तंजावरास सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच देवनागरी छापखाना घालून इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या होत्या. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक महाराष्ट्राबाहेर, तमिळ मुलखात निघाले, आणि ते गोष्टींचे होते, हे आपण ध्यानात ठेवावे. आणि शिकविताना हात उगारू नये.

एक शेवटची सूचना करतो. आपल्या वसाहतीत आपल्यासारख्या नोकरदारांखेरीज आणखीही मराठी माणसे असतात. एखादा शिपाई असतो, एखादा ड्रायव्हर, कोणी इमारतीच्या कामावर आलेले कुटुंब. त्यांची मुले येथल्या शाळेत जातात. पण त्यांच्या घरी मराठी बोलणारे सर्व आणि मराठी लिहिणारे कोणी नाही, असे पुष्कळदा असते. आपण संध्याकाळी आपल्या दोन मुलांसाठी जी सतरंजी अंथरतो तिच्यावर तिसऱ्यास जागा असते, आणि त्याचा खर्च एका पाटीचा. बळ्ळारीच्या शाळेत तरी मुले सरासरी बारा-तेराच होती.